दसरा काढायला घेतलाय: गोधड्या, रजया, घोंगडी, ब्लँकेटं नीट धुवायची कशी?

मांजराकाठ (लातूर)

महालक्ष्म्या उठल्या, आता घट बसायच्या आत दसरा काढायचा. डबे, भांडी, माळा, जळमटं हे उरकतं. खरं काम अंथरुणा-पांघरुणाचं. घरात सासूबाईंच्या हातच्या लुगड्यांच्या गोधड्या आहेत, कापसाच्या रजया आहेत, सासऱ्यांची घोंगडी, मुलांची केसाळ ब्लँकेटं आणि पाहुण्यारावळ्यांसाठी सोलापुरी चादरींची थप्पी. गावाकडं सगळं गाठोडं नदीवर जायचं. इथं आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सात किलोचं, वरून झाकण उघडणारं मशीन आहे. नळाचं पाणी प्यायला-रांधायला, धुण्याला बोअर. ते पाणी इतकं जड की बादलीला पांढरी खापली धरते आणि गोधडी वाळली की पापडासारखी कडक होते.

कशाला मशीन चालतं, कशाला हातच लागतो आणि कशाला पाणी लावूच नये? कमी पाण्यात कसं भागवता? आभाळही अजून मोकळं नाही, हस्त लागायचाय. एवढं जाड कापड दोन दिवसांत वाळलं नाही तर वास धरतं. जाणत्यांनी सविस्तर लिहा. सासूबाई गेल्यानंतर या गोधड्या मला जिवापाड जपायच्या आहेत.

दुधनाकाठ (सेलू)

ताई, आधी पाण्याचं बघू. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबणाची वडी अशा पाण्यात फेस धरत नाही, क्षाराशी मिळून तिचा चिकट पांढरा साका होतो आणि तोच कापडात अडकून बसतो. साधी चादर दोनदा हिसळली की साका निघतो. गोधडीत सहा-सात पदर, आतल्या पदरातून तो निघतच नाही. कडकपणा त्याचाच आहे, कापडाचा दोष नाही.

म्हणून गोधडीला वडी घासू नका, पावडर वापरा. पावडर टाकण्याआधी पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवा. मोठ्या टबाला अर्धी मूठ पुरते. खाण्याचा सोडा वेगळा आणि कॉस्टिक तर हातात सुद्धा धरायचा नाही, किराणा दुकानात नाव नीट सांगून घ्या. सोड्यानं क्षार खाली बसतात, पावडर निम्मी लागते, आणि पावडर निम्मी म्हणजे हिसळायचं पाणीही कमी. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाकलं तर राहिलेला सोडा मरतो आणि कापड मऊ येतं. फक्त घोंगडीला आणि कुठल्याही लोकरीला सोडा लावू नका, लोकरीचा जीव जातो.

गोदातीर (गंगाखेड)

सेलूकरांचं पाण्याचं बरोबर आहे. मशीनचं मी सांगतो, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम करतो म्हणून.

सात किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचे सात किलो, आणि ते सुद्धा सुट्या कपड्यांचे. सहा-सात लुगड्यांची गोधडी कोरडी तीन-चार किलो भरते, पण ती एकच वस्तू असते. पाणी प्याली की एका बाजूला गोळा होते, पिळायला लागलं की ड्रम धडाधड आपटतो, मशीन जागचं सरकतं. बेअरिंग आणि सस्पेन्शनच्या दांड्या अशाच जातात. दसऱ्याच्या आधी आणि नंतर माझ्याकडं येणारी निम्मी मशीनं याच कामानं बिघडलेली असतात.

घरी करायची तपासणी सोपी आहे. कोरडी गोधडी ड्रममध्ये कडेकडेनं गोल सैल ठेवा. कोंबून बसवावी लागली तर ती मशीनची नाही. वरून हात सहज आत गेला आणि ड्रमचा वरचा चौथा हिस्सा रिकामा राहिला, तर घाला, पण एका वेळी एकच. आधी बादलीत भिजवून ओली करून मग टाका. कोरडी टाकली तर ती हवेनं फुगून वर तरंगते आणि मधला भाग कोरडाच राहतो. घड्याळ थांबवून अर्ध्यात एकदा उलटी करा. पिळण्याचा वेग कमी ठेवा.

केसाळ ब्लँकेटं पॉलिस्टरची असतात, ती मशीनला जास्त सोयीची, कारण धागा स्वतः पाणी पीत नाही. एकेरी असेल तर सात किलोत जाते. थंड पाणी, पातळ साबण, हलकं चक्र. दुहेरी, जाड ब्लँकेट मात्र हातानंच.

औंढ्याची लेक (हिंगोली)

मशीनला एवढं भ्यायचं कारण नाही, पण मला तर पायानं तुडवलेल्या गोधडीचा जो निखार येतो तो कशातच दिसला नाही. आमच्या घरी अजून तसंच करायलोत. मोरीतला बोळा बंद करायचा किंवा लेकरांचा मोठा प्लास्टिकचा टब घ्यायचा.

पहिलं पाणी साधं, साबण न टाकता. गोधडी आधी गच्चीवर दोघींनी चार टोकं धरून झटकायची, मग साध्या पाण्यात अर्धा तास. वर्षभराची धूळ त्यातच निघते. पाणी चहापेक्षा काळं येतं ते बघाच तुम्ही. ते पाणी काढून मग सोडा-पावडरचं पाणी, परत अर्धा तास. मग पाय स्वच्छ धुऊन तुडवायचं. मधून कडेकडं, पाणी टाचेखालून भस्सकन बाहेर येतं तिथं मळ असतो, तिथं जास्त वेळ द्यायचा. डोक्याकडची आणि पायाकडची कड हातानं चोळायची, तिथं तेल आणि पायाची माती असते. मोगरीनं बडवू नका. जुन्या लुगड्याचं सूत विरलेलं असतं, वरचा टाका तुटतो आणि आतला पदर गोळा होतो.

पिळा देऊन पिळायची सुद्धा नाही. गुंडाळी करायची, त्यावर गुडघा टेकून दाबायचं, आणि मग उलटा पाट किंवा बाज तिरकी करून त्यावर निथळायला टाकायची. तासाभरात बराच भार उतरतो, मग दोरीवर.

आणि ताई, एक हात जोडून सांगते. गावाकडं जाऊन धुवायचं ठरलं तर शेततळ्यावर अजिबात जाऊ नका. दसऱ्याच्या धुण्याच्या दिवसात बायका-लेकरं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं, पाय घसरला की वर चढताच येत नाही. भिजलेली वाकळ एकटीच्या हाताला ओढून नेते. वाकळ जाऊ द्यावी, हे त्या क्षणाला सुचत नाही बाईला. शेततळ्याचं पाणी पाइपानं बाहेर घेऊन बांधावर धुवा. विहिरीवर, तलावावर, कॅनॉलवरही लेकरांना धुण्याच्या नावानं नेऊ नका.

मांजराकाठ (लातूर)

औंढ्याची लेक, बरं झालं लिहिलंत. भाचरं येणार आहेत, त्यांचा शेततळ्याचाच बेत चालला होता. आजच फोन करते.

पाण्याचा हिशोब कसा बसवता तेही सांगा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमच्या घरानं पाहिलंय. पाणी मोरीत वाहताना बघवत नाही.

औंढ्याची लेक (हिंगोली)

क्रम लावायचा. सगळ्यात कमी मळकी गोधडी आधी. तिचं शेवटचं हिसळायचं पाणी टाकून द्यायचं नाही, ते पुढच्या गोधडीचं पहिलं साधं भिजवायचं पाणी. साबणाचं पाणीही दोघींना चालतं, तिसरीला थोडी पावडर वाढवायची. सगळ्यात शेवटी पायपुसणी आणि सतरंज्या. उरलेलं पाणी गच्ची, जिना, अंगण धुवायला. सोड्याचं पाणी झाडांना तेवढं घालू नका, काळ्या जमिनीत पांढरं फुटतं.

एका दिवशी दोनच गोधड्या धरा. जास्त भिजवल्या की दोरीही पुरत नाही आणि कंबरही धरते.

पिंजणघर (नांदेड)

आमचं तीन पिढ्यांचं गादी-रजईचं काम. वडील खांद्यावर धुनकी घेऊन गल्लोगल्ली फिरायचे, आता पिंजायचं मशीन आहे. त्या रजयांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

कापसाच्या रजईला पाणी लावू नका. मशीनमध्ये नाही, टबात नाही, नदीवर नाही. गोधडीत कापड असतं, पदरावर पदर. रजईत सुटा कापूस असतो, टाक्यांनी जागेवर धरलेला. भिजला की तंतू एकमेकांत रुततात आणि गोळे होतात. टाका तुटला तर सगळा कापूस एका कोपऱ्यात. वरची खोळ एका दिवसात वाळते, आतला गोळा चार दिवस ओला राहतो, तिथं बुरशी धरते. पांघरलं की कुबट वास येतो तो त्याचाच. लोक मग म्हणतात कापूस खराब दिला. कापूस चांगलाच असतो, पाणी लावायला नको होतं.

बरोबर रीत ही. टाके उसवा, कापूस बाहेर काढा, नाका-तोंडाला फडकं बांधून. तो कडक उन्हात पसरून दोन दिवस ठेवा आणि पिंजून आणा. पिंजला की तंतू मोकळे होतात, त्यात हवा धरते आणि रजईची ऊब त्या हवेनंच असते. खोळ वेगळी धुवा, तिला मशीन चालतं. मग परत भरून टाके घालून घ्या. घरात रोज वापरातली रजई असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा एवढं पुरतं.

आता तुमची रजई कापसाची की फायबरची हे कसं ओळखायचं. कोपरा मुठीत घट्ट दाबून सोडा. फायबर लगेच उसळून वर येतं आणि हाताला हलकं लागतं. कापूस दबलेलाच राहतो, हळूहळू थोडा उठतो, आणि हाताला जड, गार लागतो. फायबरची रजई धुता येते, ब्लँकेटसारखीच, थंड पाण्यात. उशांचंही तसंच. सावरीच्या कापसाची उशी असेल तर तिलाही पाणी नको, अभ्रा धुवा आणि उशीला ऊन द्या.

गादीला तर ऊनच. कापसाची गादी उन्हात टाकून काठीनं झोडपायची, दुपारी उलटायची. फोमची गादी मात्र भर उन्हात टाकू नका. उन्हानं फोम पिवळा पडतो, भुगा व्हायला लागतो. ती सावलीत वाऱ्याला उभी करून ठेवा.

तेरणेची (धाराशिव)

पिंजणघर दादा, आभारी आहे. आमच्या इथल्या एका लाँड्रीनं कापसाची रजई "धुऊन देतो" म्हणून घेतली आणि कापसाचा दगड करून परत दिली. आईच्या लग्नातली होती. तोच कापूस पिंजून परत सुटा होईल का?

पिंजणघर (नांदेड)

बुरशी धरली नसेल तर बराचसा होईल, ताई. आधी पूर्ण वाळू द्या, गोळे हातानं फोडा, मग आणा. थोडा तंतू तुटून वाया जातो, त्यात पावशेर-अर्धा किलो नवा कापूस मिसळून घ्यायचा. काळे डाग पडलेला कापूस मात्र काढून टाका, तो छातीला वाईट. खोळ जपून उसवली तर तीच परत चढवता येते.

बालाघाट (बीड)

घोंगडीचं मी सांगतो. शेजारी मेंढपाळांची वस्ती, लहानपणापासून बघत आलोय.

हातमागावरची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते, आणि विणल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतात, त्यानं ती ताठ राहते आणि पावसाचं पाणी निथळून जातं. गरम पाणी, घासणं आणि सोडा ही तिन्ही लोकरीला वर्ज्य. लोकरीच्या धाग्याला खवले असतात, गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटते, जाड होते. एकदा आटली की परत येत नाही. एन्झाइमची पावडरही नको, ती लोकरीचं प्रथिनच खाते.

खरं तर घोंगडी वारंवार धुवायची वस्तूच नाही. झटकायची, दोरीवर टाकून हातानं थापटायची, सकाळचं कोवळं ऊन द्यायचं. धुवायचीच तर रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळून ते पाणी थंड पाण्यात टाकायचं आणि घोंगडी त्यात नुसती दाबायची, चोळायची नाही. पाण्यातून काढताना दोन्ही हात खाली घालून, पूर्ण आधार देऊन काढा. टोकाला धरून उचलली तर भारानं लांबते. वाळवायची आडवी, बाजेवर किंवा चटईवर, सावलीत. दोरीवर नको. धुतल्यावर खळ जाते, म्हणून ती मऊ आणि लेचीपेची लागेल, त्याची काळजी करू नका.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

आमच्या मुलीला बालदमा आहे, त्यामुळे पांघरुणाचा विषय घरात वर्षभर चालतो. अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, ते आपल्या अंगाच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांच्या विष्ठेनं शिंका, खोकला, दमा वाढतो. थंड पाण्यात ते मरत नाहीत, विष्ठा मात्र बरीच वाहून जाते. मारायचे असतील तर पाणी ५५ ते ६० अंश लागतं. गच्चीवर सोलर असेल तर दुपारचं पाणी तेवढं तापतं. चादरी, अभ्रे, सुती खोळी आम्ही आठवड्याला त्यात काढतो. लेकरांना त्या पाण्याजवळ येऊ देत नाही, भाजतं. लुगड्याच्या गोधडीला मात्र इतकं गरम पाणी नको, जुना रंग फुटतो.

या किड्यांना दमट हवा लागते. आपला एप्रिल-मे इतका कोरडा असतो की गोधड्या-गाद्या उन्हात टाकण्याचा खरा फायदा तेव्हा. दसऱ्याला धुवा, पण चैत्र-वैशाखातलं ऊन चुकवू नका.

गोधडीच्या डोक्याकडच्या कडेला हातभर रुंदीची सुती पट्टी टाके घालून लावली आहे. तोंडाचं तेल, लाळ सगळं त्या पट्टीला. ती उसवून धुते आणि परत टाचते. त्यानं अख्खी गोधडी धुवायची वेळ फार कमी येते.

पूर्णेकाठी (परभणी)

मी तर सरळ ब्लीचिंग पावडर टाकते, वास मरतो, वरून थोडं व्हिनेगर. पांढऱ्या खोळी लख्ख निघतात.

दुधनाकाठ (सेलू)

पूर्णेकाठी ताई, हे दोन्ही एकत्र कधीच करू नका. ब्लीचिंग पावडरला व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं ॲसिड लागलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो थेट फुप्फुसावर जातो. व्हिनेगर मी वर सांगितलंय ते फक्त सोडा-पावडरनंतर, ब्लीच नसताना. ब्लीच पांढऱ्या सुतालाच, एकटं, दार-खिडकी उघडी ठेवून आणि भरपूर हिसळून. रंगीत गोधडीला, लोकरीला अजिबात नको.

पूर्णेकाठी (परभणी)

बापरे. डोळे चुरचुरायचे ते म्हणूनच. आजपासून बंद. आणि धाकट्याच्या गोधडीचा मुतेरा वास कशानं जाईल? रोज सगळी धुणं होत नाही.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

ओली असतानाच तेवढाच भाग थंड पाण्यानं धुवून टाका. गरम पाणी घातलं तर वास बसतो. वाळलेला डाग असेल तर एन्झाइमची पावडर कोमट पाण्यात कालवून तो भाग तासभर भिजू द्या, मग हिसळा. रक्ताच्या डागालाही हीच रीत, थंड पाणी आधी. खाली रबरी कापड घाला आणि त्यावर जुन्या धोतराची घडी, रोज तेवढीच धुवायला लागेल.

औंढ्याची लेक (हिंगोली)

वाळवण्याचं राहिलंच. एका दोरीवर गोधडी टाकली की दोन्ही पदर चिकटतात आणि मधे वारा जात नाही. दोन दोऱ्या हातभर अंतरानं बांधा आणि त्यावर मांडवासारखी पसरा, खालूनही वारा लागतो. दर दोन-तीन तासांनी उलटी करा. लोखंडी तार असेल तर जुनं फडकं गुंडाळा, गंजाचा डाग निघत नाही. पत्र्यावर टाकाल तर तेच.

वाळली का हे कडेला हात लावून कळत नाही. मधला भाग दोन तळव्यांत दाबून धरा. गार लागलं तर आत ओल आहे. पाऊस आलाच तर आत घेऊन दोन खुर्च्यांवर पसरा, पंखा खालून लावा, घडी करू नका. घडी केली की एका रात्रीत वास येतो.

आणखी एक. सोयाबीन काढायला लागले की मळणीयंत्राची धूळ गावभर उडते. ती गोधडीत बसली की अंगाला खाज सुटते. शेजारी मळणी चालू असेल त्या दिवशी वाळत घालू नका. गाजरगवत फुललेल्या मोकळ्या प्लॉटशेजारीही नको.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे काम चालू आहे. पहिल्या गोधडीचं साधं पाणी खरंच काळंकुट्ट निघालं. सोडा घातल्यावर पावडर निम्मीच लागली आणि गोधडी वाळून मऊ आली, सासूबाई असताना यायची तशी. मशीनमध्ये एकच पातळ गोधडी गेली, बाकी हात घालून पाहिल्या तर कोंबाव्या लागत होत्या. त्या पायानं काढल्या. रजया मूठ दाबून पाहिल्या, दोन्ही कापसाच्या. खोळी उसवून कापूस उन्हात टाकलाय. घोंगडीला हात लावलेला नाही, नुसती झटकली.

आता ठेवणीचं. लोखंडी पेटीत डांबराच्या गोळ्या टाकू का? दिवाळीनंतर लेक बाळंतपणाला येणार आहे, तिच्यासाठी मऊ गोधड्या त्यातच ठेवायच्यात.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

बाळाच्या कपड्यांत डांबराची गोळी अजिबात नको. त्यात नॅप्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची कमतरता असते आणि या गोळीच्या नुसत्या वासानं त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. कुठल्या बाळाला ती कमतरता आहे हे आधी दिसत नाही.

बालाघाट (बीड)

सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला जुन्या सुती फडक्यात बांधून पेटीच्या तळाशी ठेवा. पाला ओला नको. घोंगडी वेगळी ठेवा, कसर लोकरीला लागते, सुताला नाही. महिन्यातून एकदा पेटी उघडून सगळं झटका. कसरीच्या अळीला उजेड आणि हालवाहालव सोसत नाही.

मांजराकाठ (लातूर)

गोळ्या परत करते दुकानात. पाला आजच तोडून आणते. बाळाच्या गोधड्या दोनदा जास्त हिसळून घ्याव्यात का, दुधनाकाठ?

दुधनाकाठ (सेलू)

हो. शेवटचं पाणी नळाचं घ्या, बोअरचं नको, तेवढ्यापुरती एक बादली राखून ठेवा. हिसळलेलं पाणी ओंजळीत घेऊन बोटांनी चोळून बघा. बुळबुळीत लागलं तर अजून एकदा.